ताप गेल्यावर चौथ्या दिवशी बाबांच्या अंगावरून वारं गेलं

खाडीपलीकडची

गेल्या वर्षी श्रावणातली गोष्ट आहे. लिहायला इतके महिने गेले, कारण लिहायला बसले की तीच सकाळ समोर येते. पण पुन्हा पाऊस सुरू झालाय, वाडीत पुन्हा घरोघरी ताप आहे, म्हणून आता थांबत नाही.

बाबा ५९ वर्षांचे. देवगड तालुक्यात आमची थोडी कलमं आहेत, ती तेच बघतात. बीपीची एक गोळी चालू, साखर नाही, तंबाखू सोडून बरीच वर्षं झाली. त्यांना ताप आला तेव्हा मी मुंबईहून गावी आले होते. अंग मोडून येणं, घसा, कोरडा खोकला, १०२ पर्यंत ताप. गावातल्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिलं. पाचव्या दिवशी ताप थांबला आणि आई म्हणाली, "सुटलो एकदाचे." तोंडाला चव नव्हती म्हणून नुसती पेज आणि लोणचं. पाणीसुद्धा नको म्हणायचे. दिवसभर खाटेवर पडून. बीपीची गोळी 'उपाशीपोटी कशाला' म्हणून त्यांनी स्वतःच बंद केली होती, हे आम्हाला फार नंतर कळलं.

नवव्या दिवशी सकाळी सात वाजता ते पडवीत बसून पेज पीत होते. मी समोर नारळ खवत होते. पेजेचा ओघळ डावीकडच्या ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आला, तिथून सदऱ्यावर. त्यांनी पुसला नाही. बाबा म्हणजे ताटाबाहेर पडलेलं शीतसुद्धा उचलणारा माणूस. मी म्हटलं, "बाबा, सांडता हा." तर म्हणाले, "खंय सांडता?" डावा हात मांडीवर उताणा पडला होता. तळव्यावर माशी बसली होती आणि त्यांना तिचा पत्ता नव्हता.

मी म्हटलं, हात वर करा. त्यांनी उजवा केला. डावा करा म्हटलं तर म्हणाले, "केलंय मगे." हात मांडीवरच होता.

मला तिथेच कळायला हवं होतं. पण ते बोलत होते, ओळखत होते, आणि परत परत म्हणत होते, "माका काय्येक होवक नाय, वायच पडतंय." आम्ही त्यांचं ऐकलं. तापाचा अशक्तपणा असेल म्हणून झोपवलं. शेजारच्या काकी धावत आल्या, करंजेल कोमट करून त्यांनी हात चोळला. त्यांच्या मायेत काही खोट नव्हती. सव्वादहाला गाडी मिळाली. पहिल्या ठिकाणी सीटी स्कॅनचं मशीन होतं, चालवणारा त्या दिवशी नव्हता. हे कळायला पाऊण तास गेला. दुसऱ्या ठिकाणी पोचलो तेव्हा दीड वाजला होता.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ना रिपोर्ट मागितले, ना कागद. पहिला प्रश्न: "ह्यांना शेवटचं अगदी नीट कधी पाहिलं?" सात वाजता, म्हटल्यावर त्या क्षणभर गप्प झाल्या. मेंदूच्या उजव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची वेळ टळून गेली होती. नाकातला स्वॅब घेतला, त्यात इन्फ्लुएंझा ए निघाला. 'व्हायरल ताप आणि पॅरालिसिस यांचा संबंध असतो' हे मी आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा ऐकलं.

कोणाच्या घरी असं झालंय का? आणि हे होतं कसं, कोणी नीट सांगेल का?

चाफा_अंगणातला

वाचून हात गार पडले. "केलंय मगे" हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. माझ्या सासऱ्यांचं असंच, पण त्यांना ताप वगैरे काही नव्हता. तेही शेवटपर्यंत म्हणत होते मला काही झालेलं नाही. आम्हाला वाटायचं धीर देतायत आम्हाला.

रत्नांग्रीकर_७८

आमच्याकडे पाय. मे २०२१, दुसरी लाट. धाकटा भाऊ ४१ वर्षांचा, कोविड घरीच बरा झाला, ऑक्सिजन कधी ९५ च्या खाली गेला नाही. तीन आठवड्यांनी उजवी पोटरी दुखायला लागली. गोळा आला म्हणून आम्ही आयोडेक्स लावून चोळत होतो. पाय डाव्यापेक्षा जाड दिसत होता, गरम लागत होता. आईने धोतराच्या काठाने दोन्ही पोटऱ्या मोजल्या, चांगला दोन बोटांचा फरक. तरी आम्ही म्हटलं सूज आहे, उतरेल. चौथ्या दिवशी जिना चढताना धाप लागली, छातीत कळ आली आणि घाम फुटला. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली होती. वाचला. सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतल्या. कोविड 'सौम्य' होता, हे वाक्य आमच्या घरात आता कोणी उच्चारत नाही.

किनाऱ्यावरचा_डॉक्टर

मी फिजिशियन आहे, अनेक वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातच. ताई, तुम्ही विचारलंत ते कसं होतं हे सांगतो. जरा लांबेल.

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एक पातळ थर असतो. तो शाबूत आहे तोवर रक्त त्यावरून घसरत जातं, चिकटत नाही. विषाणूचा संसर्ग झाला की शरीर जी आग पेटवतं तिची झळ या थरालाही लागते. यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त तयार करतं, प्लेटलेट चिकट होतात. त्यात तुमच्या बाबांसारखा माणूस आठवडाभर पडून, पाणी कमी, म्हणजे रक्त दाट आणि संथ. जर्मन डॉक्टर रूडॉल्फ फिर्खो यांनी १८५० च्या दशकात शिरांमधल्या गुठळ्यांचा अभ्यास केला. त्यावरून रक्त साखळण्याची जी तीन कारणं आजही शिकवतात, ती हीच: भिंतीला इजा, संथ प्रवाह, गोठण्याकडे झुकलेलं रक्त. व्हायरल आजारात तिन्ही एकाच वेळी जमून येतात. मानेच्या धमनीत आधीपासून मेदाचा थर साचलेला असेल तर तो याच दिवसांत फुटू शकतो, त्यावर गुठळी बसते आणि पुढे मेंदूत जाऊन अडकते. काहींच्या हृदयाचे ठोके तापात अनियमित होतात. मग हृदयाच्या कप्प्यात रक्त साकळून तिथून गुठळी सुटते. आणि बीपीची गोळी बंद, हे वर आलंच.

ही आग ताप उतरला म्हणून त्याच दिवशी विझत नाही. फ्लूबद्दल कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. चाचणीने फ्लू सिद्ध झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण इतर काळाच्या सहापट होतं. स्ट्रोकचा, म्हणजे पॅरालिसिसच्या झटक्याचा, धोकाही संसर्गानंतरच्या पहिल्या दिवसांतच सगळ्यात जास्त असतो, मग हळूहळू उतरतो. कोविडमध्ये हे ठळकपणे दिसलं. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी पन्नाशीच्या आतल्या पाच रुग्णांची हकिगत छापली. दोन आठवड्यांत पाच जण, सगळ्यांची मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद, सगळे कोविड पॉझिटिव्ह, सर्वांत लहान ३३ वर्षांची बाई. स्वीडनमध्ये दहा लाखांहून जास्त कोविडग्रस्तांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पायातल्या गुठळीचा धोका तीन महिने आणि फुप्फुसातल्या गुठळीचा सहा महिने वाढलेला दिसला. रत्नांग्रीकर, तुमच्या भावाचं तिसऱ्या आठवड्यात झालं ते यातच बसतं. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दुखली तर ती चोळायची नाही, हे मात्र आवर्जून सांगतो.

एक समजून घ्या. ताप आलेल्या बहुतेकांना यातलं काहीही होत नाही. वय, बीपी, साखर, तंबाखू, आधीचा हृदयविकार, हे असेल तर जपायचं.

खाडीपलीकडची

डॉक्टर, मनापासून धन्यवाद. एक विचारते. ते स्वतःला काही झालंय हे मानतच नव्हते ते का? आई अजून म्हणते, त्यांनी आम्हाला घाबरवायचं नाही म्हणून लपवलं.

किनाऱ्यावरचा_डॉक्टर

आईंना सांगा, त्यांनी काही लपवलं नाही. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की कित्येकदा माणसाला आपली डावी बाजूच जाणवेनाशी होते. ती लुळी पडली आहे हेही त्याला कळत नाही. 'हात वर केला' असं त्यांना खरंच वाटत होतं. म्हणून अशा वेळी रुग्णाला 'कसं वाटतंय' विचारून ठरवायचं नाही. हसायला सांगा, तोंड एकीकडे ओढलं जातंय का बघा. दोन्ही हात समोर धरून ठेवायला सांगा, एक खाली घसरतो का बघा. एखादं वाक्य म्हणून घ्या. अचानक तोल जाणं, एका डोळ्याने किंवा एका बाजूचं दिसेनासं होणं, हेही त्यातच. यातलं एक जरी अचानक आलं तर निघायचं.

इन्सुलीचो

आमच्या बाजूक अजून वारा गेला म्हटल्यावर कबुतराच्या रगतान चोळतत. माझ्या आज्याक चोळलेला मी बघलंय. म्हातारी माणसा सांगतत ता एकदम उडवून लावूक माका जमणा नाय. डॉक्टरांनू, तेनी नुकसान काय होता?

किनाऱ्यावरचा_डॉक्टर

रक्ताने थेट काही होत नाही. जातो तो वेळ. मोठी रक्तवाहिनी बंद पडली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशोब २००६ साली मांडला गेला. कबुतर पकडून आणेपर्यंतची दहा मिनिटं काय किमतीची आहेत ते यावरून बघा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्या साडेचार तासांतही जितकं लवकर तितकं मेंदू जास्त वाचतो. मोठी गुठळी असेल तर मांडीच्या धमनीतून नळी घालून ती ओढून काढता येते. निवडक रुग्णांत ते २४ तासांपर्यंत करतात, पण ही सोय मोजक्याच मोठ्या शहरांत आहे. तिकडे पाठवायचं का हे सीटी बघूनच ठरतं.

आणखी तीन गोष्टी मी रोज बघतो. घरात ॲस्पिरिन आहे म्हणून कोणी देतं. स्ट्रोक गुठळीने आहे की रक्तस्रावाने हे बाहेरून कळत नाही, सीटीतच कळतं. रक्तस्राव असेल तर ती गोळी जिवावर बेतेल. दुसरं, बीपी २०० दिसलं की जिभेखाली कॅप्सूल फोडतात. बीपी एकदम कोसळलं तर मेंदूचं उरलंसुरलं रक्तही तुटतं. तिसरं, शुद्धीवर यावं म्हणून चहा, साखरपाणी पाजतात. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं. साखर कमी झाली की पॅरालिसिससारखंच दिसू शकतं हे खरं, पण ती यंत्राने मोजायची. रुग्णाला कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका.

इन्सुलीचो

समाजला. माझ्या आज्याक वारा गेललो ता १९९४ साल, तेवा आमच्याकडे सीटी खंय होता. आता बांद्याहून गोव्यातला बांबोळीचा मोठा हॉस्पिटल जवळ. घरात सगळ्यांका वाचून दाखवतंय.

माहेर_गुहागर

आमच्याकडची हकिगत सांगते, कारण आमचं थोडक्यात वाचलं. यजमान ६३. जानेवारीत फ्लू झाला, बरा होऊन आठवडा झाला होता. रात्री साडेआठला जेवताना बोबडं बोलायला लागले. भाकरीचा तुकडा हातातून दोनदा पडला. माझी सून नर्सिंग शिकलेली नाही, अंगणवाडीत आहे. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पेनाने तळहातावर लिहिलं: ८.३५. मग एकीकडे १०८ लावला आणि दुसरीकडे चिपळूणच्या ओळखीच्या तीन ठिकाणी फोन करून एकच विचारलं, आत्ता सीटी चालू आहे का, मेंदूचं इंजेक्शन आहे का. दोन ठिकाणी नव्हतं. तिसऱ्याने या म्हटलं. रात्रीचा रस्ता, पाऊस नव्हता ही देवाची कृपा. पावणेअकराला इंजेक्शन सुरू झालं. सकाळी त्यांनी माझं नाव स्पष्ट घेतलं. आज ते पोफळीच्या बागेला शिंपणं करतात. उजव्या हाताची सही पूर्वीसारखी येत नाही, बँकेत नवीन नमुना द्यावा लागला, बाकी काही नाही.

सुनेला विचारलं, तुला हे सुचलं कसं. म्हणाली, अंगणवाडीत एकदा आरोग्यवाल्यांनी सांगितलं होतं, वेळ लिहून ठेवा म्हणून.

रत्नांग्रीकर_७८

माहेर_गुहागर, हा फोनचा मुद्दा फार मोठा आहे. आपल्याकडे जवळचं हॉस्पिटल गाठायची सवय आहे. जवळच्यात मशीन बंद असेल तर तिथून पुन्हा दुसरीकडे. खाडीपलीकडची यांचा पाऊण तास असाच गेला. आमच्या वाडीच्या ग्रुपवर आम्ही ठरवलंय, रात्री-अपरात्री सीटी कुठे चालू असतो हे दर महिन्याला एकाने फोन करून विचारायचं आणि लिहायचं.

समुद्रगंध

मला वेगळं विचारायचंय. आमच्या ओळखीत सगळे म्हणतात हे लसीमुळे होतंय. कोविशील्ड घेतलेल्यांच्या गुठळ्या झाल्या हे कंपनीनेही कबूल केलं ना?

किनाऱ्यावरचा_डॉक्टर

प्रश्न रास्त आहे, टाळत नाही. त्या प्रकारच्या लसीनंतर गुठळ्या आणि सोबत प्लेटलेट कमी होणं, हा दुर्मीळ आजार २०२१ मध्येच ओळखला गेला. होतो, हे खरं आहे. पण तो डोस घेतल्यानंतर साधारण पहिल्या चार ते सहा आठवड्यांत दिसतो. २०२१ साली घेतलेल्या डोसाने आज गुठळी होते असं म्हणायला आधार नाही. आणि लस घेतल्यावर गुठळी होण्यापेक्षा प्रत्यक्ष कोविडमध्ये ती होण्याचं प्रमाण कितीतरी जास्त आहे. फ्लूची लस वेगळी, ती दरवर्षी घ्यायची असते. हृदयविकार असलेल्यांना मी ती सुचवतो.

ओवी_ची_आई

माझ्या पाच वर्षांच्या मुलीला गेल्या महिन्यात कांजिण्या झाल्या. हा धागा वाचून झोप उडाली. लहान मुलांनाही होतं का?

किनाऱ्यावरचा_डॉक्टर

होतं, पण फार फार क्वचित. कांजिण्यांचा विषाणू मेंदूच्या धमनीच्या भिंतीत शिरू शकतो. मुलांमध्ये कांजिण्यांनंतर पहिल्या सहा महिन्यांत स्ट्रोकचं प्रमाण सुमारे चौपट दिसलं आहे. मुळात ते इतकं कमी असतं की चौपट होऊनही हजारो मुलांना काही होत नाही. शांत झोपा. फक्त अचानक एक हात-पाय लुळा पडला, बोलणं बदललं, तर 'पडली असेल' म्हणून थांबू नका. हाच विषाणू मोठेपणी नागीण होऊन उठतो. नागिणीनंतरच्या पहिल्या आठवड्यांतही स्ट्रोकचा धोका वाढतो, डोळ्याभोवती उठली असेल तर जास्तच.

चाफा_अंगणातला

डॉक्टर, मग ताप आला की रक्त पातळ करायची गोळी सुरू करावी का? आमच्या इथे लॅबवाले डी-डायमर (गुठळीसाठीची रक्ततपासणी) करून देतात, मेडिकलवाला गोळी देतो.

किनाऱ्यावरचा_डॉक्टर

अजिबात नको. कळकळीने सांगतो. पावसाळ्यात कोकणात ताप म्हणजे फ्लू असेल, डेंगी असेल, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असेल. दोडामार्ग-सावंतवाडीकडे २०१६ पासून गोचिडीतून येणारा माकडतापही आहे, तो उन्हाळ्याकडचा. डेंगीत, माकडतापात रक्तस्राव होतो, लेप्टोतही होऊ शकतो. तिथे ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनसारखी गोळीसुद्धा घातक. ताप कशाचा हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलच. डी-डायमर कुठल्याही तापात वाढतो, वयानेही वाढतो. तब्येत ठीक असलेल्याने तो करून घेतला तर भीती मिळते, उत्तर मिळत नाही. घरी करायचं ते साधं आहे. बीपी-साखरेच्या गोळ्या, आणि आधीपासून चालू असेल तर रक्त पातळ करायची गोळी, तापात स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. पेज, कढण, पाणी थोडं थोडं देत राहा. खाटेवरच पाय हलवायला लावा, उठवेल तेव्हा खळ्यात दोन फेऱ्या.

खाडीपलीकडची

सगळ्यांची उत्तरं आईला वाचून दाखवली. "त्यांनी लपवलं नाही" तिथे ती थांबली, मला परत वाचायला लावलं, आणि उठून आत गेली. मग बाबांच्या शेजारी जाऊन बसली.

बाबा आता काठी घेऊन कलमांपर्यंत जातात. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा येतो, बाकीचे दिवस मी व्हिडिओ कॉलवर असते. डाव्या बाजूला ताट ठेवलं तर भाजी तशीच राहायची, म्हणून आई सगळं उजवीकडे वाढायची. फिजिओने उलटं सांगितलं, डावीकडेच ठेवा, मान वळवून शोधू दे. पहिले काही दिवस चिडले. काल आईने मुद्दाम सोलकढीची वाटी डावीकडे ठेवली. बराच वेळ ती तिथेच होती. मग त्यांनी मान वळवली, डाव्या हाताने वाटीला स्पर्श केला आणि म्हणाले, "हय ठेवलंस काय?"

माहेर_गुहागर, तुमच्या सुनेचा नंबर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का? आमच्या गावच्या अंगणवाडीत तिने एकदा येऊन बोलावं असं आईचं म्हणणं आहे.

माहेर_गुहागर

व्यनि केलाय. ती म्हणते चतुर्थीआधी येते, गणपतीत कोणाला वेळ नसतो.